बारीत दुभाषा नसतो

सौदीतल्या यान्बूच्या कॅम्पमधली आमची खोली म्हणजे एक लांबट पोर्टा केबिन होती. चार लोखंडी खाटा, चार कपाटं, आणि खिडकीत बसवलेला एक एसी. तो चालू झाला की एखादा म्हातारा ट्रक घाट चढतोय असं वाटायचं. पण त्या खोलीचा खरा आवाज एसीचा नव्हता. पांडूतात्या आंघोळीहून येताना ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत यायचे. मग काशिनाथ उपड्या घातलेल्या बादलीवर बोटं नाचवत म्हणायचा, "तात्या, कडवं लांबलं. तुमच्या दाढीसारखं." तात्या टॉवेल झटकत उत्तर द्यायचे, "तुझ्या अकलेपेक्षा लांबच असूदे." खोलीतला चौथा गडी कायम रात्रपाळीला असल्यामुळे आम्हाला फक्त झोपलेला माहीत होता. या सगळ्या गोंगाटात तो इतका शांत घोरायचा की मला त्याचा हेवा वाटे.

मी सांगोल्याचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, शाळा नगरपालिकेची, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेला मी पहिलाच. त्यामुळे घरी माझ्याबद्दल जी समजूत होती ती मला फार जपावी लागत होती. मला नोकरी मिळाली ती क्वालिटी इन्स्पेक्टरची, म्हणजे पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासायची. बाकीचे दोघे गुहागरकडचे. पांडूतात्या अवजड सामान उचलणाऱ्या रिगरांचे फोरमन, काशिनाथ वेल्डरांचा. शेजारशेजारच्या वाड्यांतले, एकाच वेळी व्हिसा लागून आलेले. पण तात्या तुरेवाले आणि काशिनाथ शक्तिवाला. कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. तिकडे जाखडीच्या नाचात दोन पंथ असतात. तुरेवाले म्हणतात, शंकर मोठा. शक्तिवाले म्हणतात, पार्वती मोठी. दोन्हीकडचे शाहीर समोरासमोर बसून पाळीपाळीने गातात, एकमेकांना सवाल टाकतात आणि एकमेकांची सालं काढतात. एकेकाच्या पाळीला बारी म्हणतात.

मला घाटावरच्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांची तोंडं ऐकून मी मनातून धसकलो होतो. हे दोघे एक दिवस सुरी काढणार असं वाटून मी कॅम्पच्या मॅनेजरकडे खोली बदलून मागायलाही गेलो होतो. मग एकदा काशिनाथला ताप आला. तात्यांनी कामावरून येऊन त्याच्यासाठी तांदळाची पेज केली, शेजारी बसून चमच्याने भरवली, आणि भरवता भरवताच 'शक्तीचा भक्त शक्तीविना कसा लोळतो' अशा अर्थाचं एक कडवं रचून त्याला ऐकवलं. काशिनाथ तशाही तापात उशीवरून मान उचलून म्हणाला, "थांबा, बरा होतंय मी." तेव्हा कुठे मला कळलं की मी राहतोय ते एक चांगलं, नांदतं घर आहे.

शुक्रवारी सुट्टी. काशिनाथ सकाळीच मासळी बाजारात जाऊन यायचा आणि गावाहून आणलेली कोकमं, तिरफळं काढायचा. समुद्र तांबडा असो की अरबी, मासा तिरफळाशी गोड बोलतोच, असं त्याचं मत होतं. त्या कालवणाचा वास तीन केबिनींपलीकडच्या फिलिपिनो लोकांनाही जागेवर बसू देत नसे. आता माझ्या घरी फ्रीजमध्ये चार प्रकारचे मासे असतात, पण त्या कालवणाची चव पुन्हा लागली नाही. बायको म्हणते, तेव्हा भूक मोठी होती. असेल.

कामावर माझे दोन साहेब, दोघेही अमेरिकन. त्या दोघांचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही. अर्लसाहेब वेल्डिंगचे प्रमुख. अगडबंब, लालबुंद मानेचे, कुठल्याशा कारखान्याच्या लहान गावातून आलेले. वेल्डिंग डोळ्यांआधी कानांनी तपासायचं, हे मला त्यांनी शिकवलं. चांगल्या जोडाचा आवाज तव्यावर बेकन तळल्यासारखा येतो, असं ते सांगत, आणि तो डुकराचा पदार्थ त्या देशात मिळत नसल्यामुळे सांगताना मोठा उसासा टाकत. काशिनाथने त्याचं मराठी करून टाकलं होतं, 'कढईत भजी सोडल्यासारखा.' दुसरे मार्टिनसाहेब, क्वालिटीचे प्रमुख. शिडशिडीत, चष्मेवाले, मोठ्या शहरातले. माझा प्रत्येक अहवाल ते लाल पेनने दुरुस्त करून परत देत आणि शेवटी 'आता जास्त चांगला' असं लिहीत. सांगोल्याच्या शाळेतही माझ्या इंग्रजीवर कोणी एवढी मेहनत घेतली नव्हती. हे दोघे वर्षानुवर्षांचे दोस्त. एकाच केबिनमध्ये समोरासमोर टेबलं लावून बसत. मार्टिनसाहेबांच्या मुलाच्या लग्नात अर्लसाहेब नाचले होते, त्याचा फोटो भिंतीवर होता.

मग त्यांच्या देशात निवडणूक आली.

अर्लसाहेबांचा जो उमेदवार होता त्याची भाषणं ते मोबाइलला लहानसा स्पीकर जोडून लावत. माझं इंग्रजी तेव्हा लंगडंच होतं, पण ते भाषण मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्यात शब्द थोडे आणि तेच तेच होते. तुम्हाला लुटलं, तुमचं काम बाहेरच्यांनी पळवलं, मी एकटाच ते परत आणीन. लोक आरोळ्या ठोकत. मार्टिनसाहेब कानात इअरफोन घालून त्यांच्या बाजूचे लोक ऐकत. त्यांतल्या एका बाईंचं बोलणं त्यांनी एकदा मलाही ऐकवलं. हा माणूस निवडून आला तर देश संपला, आणि त्याला मत देणारे सगळे अडाणी आणि दुष्ट, असं त्या म्हणत होत्या. मला दोन्ही ऐकून भीतीच वाटली. एका बाजूला भीती ओरडून सांगत होते, दुसऱ्या बाजूला हसून, एवढाच फरक.

एक दिवस या दोघांचं काहीतरी फार वाजलं, आणि त्यांनी बोलणं बंद केलं. पण काम तर एकत्र. मग मधे मी. अर्लसाहेब समोरच्या टेबलाकडे न बघता मला म्हणत, "टेल हिम, सहा इंची लाइन तयार आहे." हाताच्या अंतरावर बसलेल्या मार्टिनसाहेबांना मी ते सांगे. ते म्हणत, "टेल हिम, मला कान आहेत." मी वळून तेही सांगे. आमच्या गल्लीत दोन जावांनी चूल वेगळी केली तेव्हा मधल्या पोरीचे असेच हाल झालेले मी पाहिले होते. जावांकडे निदान इंग्रजी नव्हतं. पुढे पुढे निरोपांत कामाचं कमी आणि निवडणुकीचं जास्त येऊ लागलं. "टेल हिम, काल त्याच्या लाडक्या बाईंची बोबडी वळली." "टेल हिम, खोटं मोजायला याच्या माणसाला आता कॅल्क्युलेटर पुरत नाही." माझं इंग्रजी त्या दिवसांत झपाट्याने सुधारलं. सगळ्या साइटवर माझं नावच टेलहिम पडलं. मेसमधला वाढपीसुद्धा "टेलहिमभाई, दाल और?" म्हणून विचारी.

दुपारच्या चहाला आमचे लोक केबिनच्या सावलीत बसत, आणि स्पीकरवरचं भाषण सगळ्यांच्या कानावर पडे. काशिनाथने एकदा विचारलं, "टेलहिम, काय बोलतो हा?"

"म्हणतो, आमची कामं पळवली."

"कोणी रं?"

"बाहेरच्यांनी."

"म्हंजे कोणी?"

मी चाचरलो. "म्हणजे... साधारण आपल्यासारख्यांनी."

काशिनाथने हातातल्या वेल्डिंगच्या कांडीकडे पाहिलं, मग केबिनच्या काचेतून अर्लसाहेबांकडे. "आगो बाय माझे! मला तर ह्यानंच बोलावून घेतला! माझा राहायचा इकामा संपत आला तवा कफील मालकाशी भांडला कोण? ह्योच ना?" सगळे हसले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "सायबाला म्हायती नसल, त्यो कोणाबद्दल बोलतो ता."

पांडूतात्या मात्र भाषण वेगळ्याच कानाने ऐकत होते. ते म्हणाले, "आवाज हाय. पकड हाय. पण ह्याला गण नाय." जाखडीत शाहिराने आधी गण म्हणायचा, म्हणजे देवाला, गुरूला, बसलेल्या मंडळींना नमन करायचं, मगच प्रतिपक्षाला शिव्या. "हा उठतो तो शिव्याच देत. आन् समोर कोण बसलाय? कोणच नाय! सगळी आपलीच माणसा. ह्याला जबाब देणार कोण?"

"टेलहिमनं सांगितलेल्या त्या बाईचापण तसाच हाय ना," काशिनाथ म्हणाला. "तीपण आपल्याच माणसांत गाते."

"मंग ती बारी न्हवं, नुसती तालीम झाली," तात्या म्हणाले आणि चहा संपवून उठले.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. पण एका बुधवारी अर्लसाहेब मला म्हणाले, "टेल हिम, मी जुबैलला चाललो. बदली मागितली आहे, शनिवारी फोन करून पक्की करणार. माझे वेल्डर बरोबर नेणार." जुबैल म्हणजे पार दुसऱ्या किनाऱ्यावर. मार्टिनसाहेबांचा लाल पेन थांबला. मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता हात वर केला.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत प्रथमच एसीचा आवाज एवढा मोठा वाटला. वेल्डर जाणार म्हणजे काशिनाथ जाणार. त्याने ट्रंक खाटेवर ओढली, उघडली आणि तिच्याकडे बघत बसला. तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडल्या पडल्या ते म्हणाले, "तिकडं जुबैलात तुरेवाला हाय काय कोण?"

"कोण असणार? सगळी मलबारी."

"मंग तू गाणार कोणावर?"

"तुमी कोणावर गाणार?"

मला माझंही वाईट वाटत होतं. मला घडवणाऱ्या दोन माणसांतला एक जाणार, आणि या घरातलाही एक. तात्या एकदम उठून बसले. "टेलहिम, परवा सुट्टी. दोनी सायबांना जेवायला बोलाव. मासा करू, आन् बारी लावू. शेवटची तर शेवटची."

मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आमंत्रण दिलं. काशिनाथचं कालवण दोघांनाही माहीत होतं. अर्लसाहेब म्हणाले, "टेल हिम, मी जाणार आहे. त्याला माझ्याबरोबर जेवायचं नसेल तर त्याने येऊ नये." मार्टिनसाहेब म्हणाले, "टेल हिम, आमंत्रण आधी मला दिलं. मीच जाणार." आपण गेलो नाही तर आपण हरलो, असं दोघांनाही वाटलं. त्यामुळे दोघेही अगदी वेळेवर आले.

रिक्रिएशन हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीला टेकवून सतरंज्या अंथरल्या. मॅनेजर इजिप्तचा होता. तो म्हणाला, "यल्ला, चला, पण दारं लावा आणि आवाज बाहेर येऊ देऊ नका." जेवणं झाली. अर्लसाहेबांनी घाम पुसत पुसत तीनदा कालवण घेतलं. मग गुहागर-दापोलीकडच्या पोरांनी पायात चाळ बांधले, मधे दोन्ही शाहीर बसले, मृदंग निघाला. दोघांनी एकामागून एक गण म्हटला, हळू आवाजात, डोळे मिटून. मी दोन साहेबांच्या मधे बसून भाषांतर करत होतो. तात्यांनी पहिला टोमणा मारला:

"उंच शिखरी शंकर बसला, जगताचा तो धनी,
काशिनाथा, तुझी शक्ती चुलीपाशी फुंकणी!"

फुंकणीला इंग्रजी काय म्हणायचं ते मला आजही येत नाही. मी हाताची नळी करून फुंकून दाखवलं. अर्लसाहेब खो खो हसले. काशिनाथ मान खाली घालून शांत बसला होता. मग त्याची बारी आली:

"धनी तुझा तो राख फासुनी मसणवटीत फिरतो,
शक्ती इकडे भात शिजवते, तेव्हा पांडू गिळतो!"

हॉल दणाणला. मॅनेजरने दारातून ओठांवर बोट ठेवून दाखवलं, पण तोही हसत होता. अर्लसाहेब मला म्हणाले, "हा तोंडावर एवढं बोलतो आणि तो ऐकून घेतो?" मी म्हणालो, "मधे बोललं तर बारी गेली. आणि आपली बारी आली की सवालाचा जवाब द्यावाच लागतो."

"टेल हिम," मार्टिनसाहेब पलीकडून म्हणाले, "त्याला दोन मिनिटंसुद्धा गप्प बसवणार नाही."

"टेल हिम, त्याच्यापेक्षा जास्त बसेन."

पांडूतात्यांनी गाणं थांबवलं. "काय बोलतात रं?" मी सांगितलं. तात्या उठले, अर्लसाहेबांच्या हातात झांज दिली आणि त्यांना धरून मार्टिनसाहेबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसवलं. मी सवयीने मधे सरकायला लागलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू हिकडं बस. बारीत दुभाषा नसतो. ज्याला बोलायचा त्याच्याकडं तोंड करून बोलायचा. तू आमाला सांग, ते काय बोलतात ता."

मग मी प्रथमच उलट दिशेला भाषांतर करू लागलो. आधी गण हवा, असं काशिनाथने बजावलं. अर्लसाहेब गोंधळले, मग त्यांनी झांज एकदा वाजवली आणि ज्याने त्यांना वेल्डिंग शिकवलं त्या काकांचं नाव घेतलं. "वा!" मंडळी म्हणाली. नंतर मार्टिनसाहेबांची कॉफी, त्यांचा चष्मा, हात न मळवता म्हातारं होण्याची त्यांची कला, यांवर ते बोलले. बोलता बोलता झांज पडली. त्यांनी विचारलं, "मार्टिन, तुझी माणसं टीव्हीवर माझ्या उमेदवाराच्या मतदारांना हसतात. गिरणी बंद झाल्यापासून माझा भाऊ घराच्या पायरीवर बसून असतो. तो त्यालाच मत देणार आहे. तू माझ्या भावालाही हसतोस?"

मी हे मराठीत सांगितलं आणि कोणी टाळी वाजवली नाही. मार्टिनसाहेबांनी आपला गण म्हटला. आईचं नाव घेतलं. अर्लसाहेबांच्या वजनावर एक टोमणाही मारला, पण तो रंगला नाही. मग ते म्हणाले, "हो. हसलोय. तुझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर नव्हता, पण हसलोय." चष्मा काढून त्यांनी पुढे विचारलं, "आता माझा सवाल. आना माझी सून आहे. दुसऱ्या देशातून आली आहे. तू तिच्या लग्नात नाचलास. तुझा माणूस 'हाकलून द्या' म्हणतो आणि तू टाळ्या वाजवतोस, तेव्हा आनालाही हाकलायचं असतं का?"

"ते वेगळं—" असं अर्लसाहेब म्हणाले, तेवढ्यात पांडूतात्यांनी मृदंगावर थाप मारली. "सवाल चुकवायचा नाय!" मला ते इंग्रजीत सांगावंही लागलं नाही.

"नाही," अर्लसाहेब म्हणाले. "आना नाही. कोणी न्यायला आलं तर मी तिच्या दारात उभा राहीन."

"हे तुझ्या माणसाला माहीत आहे?"

"त्याला आना माहीत नाही, मार्टिन."

"तेच तर म्हणतोय मी."

अर्लसाहेबांची मान आणखी लाल झाली. काशिनाथ खाकरून म्हणाला, "टेलहिम, सायबाला सांग. जबाब बरा होता. पण यमक नाय." मी ते इंग्रजीत सांगितलं आणि आधी मार्टिनसाहेब हसले, मग अर्लसाहेब. जिंकलं कोण, असं त्यांनी जाताना विचारलं. तात्या म्हणाले, आमच्याकडे निकाल लावत नाहीत. निकाल लागला तर समोरचा परत येणार नाही.

आज आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा मुलगा आणि मेहुणा निवडणूक आली की एकमेकांना व्हिडिओ पाठवतात. पाठवतात आणि पुढे जातात. कोणी कोणाला विचारत काही नाही. मी तिथे काही लिहीत नाही. दिवाळीला दोघांना समोरासमोर जेवायला बसवतो आणि स्वतः उठून वाढायला लागतो.

बारीनंतरच्या त्या शनिवारी सकाळी मी केबिनमध्ये गेलो तेव्हा अर्लसाहेब अजून आले नव्हते. काशिनाथची ट्रंक बांधून तयार होती. तो बाहेर वेल्डिंगच्या मशिनपाशी नुसताच उभा होता. थोड्या वेळाने साहेब दार ढकलून आत आले. मी निरोप घ्यायला उभा राहिलो. ते माझ्या बाजूने सरळ पुढे गेले, मार्टिनसाहेबांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "रात्रभर विचार केला. काल तू सांगितलंस त्यातलं निम्मं चूक आहे."

"खाली बस," मार्टिनसाहेब म्हणाले. "कुठलं निम्मं ते सांग."

मग जे भांडण सुरू झालं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कर, गिरण्या, सरहद्द, टीव्हीवरच्या त्या बाई, सगळं निघालं. कोणाचं मत बदललं असं मला एका वाक्यातही दिसलं नाही. मी दोघांसमोर चहाचे कप ठेवले आणि बाहेर आलो. अर्ध्या तासाने अर्लसाहेब बाहेर आले. चेहरा रागाने फुललेला. काशिनाथकडे बोट करून ते ओरडले, "नो जुबैल! खलास! यल्ला, कामाला लाग!" आणि राहिलेलं भांडायला पुन्हा आत गेले.

काशिनाथ माझ्याकडे बघत राहिला. "मिटला काय?"

"छे. आता कुठे सुरू झालंय."

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पाइपांच्या रॅकच्या दिशेने जवळजवळ धावतच निघाला. वर उंच मचाणावर पांडूतात्या साखळी बांधत होते. खालून दोन्ही हात तोंडाशी धरून काशिनाथ कोकणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "पांडूतात्या! ऐकलात काय? तुमची सुटका नाय!"

वरून तात्यांनी जी शिवी दिली ती ग्राइंडरच्या आवाजात माझ्यापर्यंत पोचली नाही. पण तिला यमक असणार, कारण काशिनाथ तिथेच उभा राहून बोटांवर मात्रा मोजत उत्तर जुळवू लागला.